चौघाइले पुरली हवा

— नाई, आत नाई जायचं. बस अठी बाकड्यावर. तू आमच्या तांड्याची आशाताई असशीन, मोनाली, म्हून काय आयसीयूत घुसशीन? डाक्तरले सांगाचं थे म्या सांगतलं. देवसिंगचा मोठा भाऊ मी हाओ, तू नाई. — इहिरीत काय झालं? थेच तं सांगून राह्यलो! कळंबकडची इहीर, सात वर्सं बंद. गाळ काढाले आमची टोळी गेलती, पाच जनं. आधी कंदील सोडला दोरानं, बाप सोडे तसाच. बुडापर्यंत जळत राह्यला. इझला असता तं म्या कोनाले उतरू देल्लं असतं काय? मंग उतरलो. मले जरासं डोकं जड, बाकीच्याइले थेबी नाई. अन् देवसिंग टोपलं उचलता उचलता धाडकन पडला. एकटाच! चौघाइले पुरली हवा, त्यालेच काहून नाई पुरली? — डाक्तर म्हन्ते, थायरॉईड वाढला का हार्ट बसल्या जागी धावत राह्यते, त्याले हवाच जास्त लागते. हवा जराशी कमी झाली का आनखी धावते, अन् मंग ठोका चुकते. आता कंदिलाले थायरॉईड असते काय?

अशी पाहू नको माह्याकडे. तूच आनल्या त्याच्या थायरॉईडच्या गोळ्या. पयले गडी थंडीत उघडा राहे, आठ भाकरी खाये, हात थरथरे पन टोपलं खाली ठेवे नाई. तुह्या गोळ्या सुरू झाल्या अन् भरदुपारी झोप! सारी टोळी हासे. मंग म्या म्हनलं — काई नाई म्हनलं. घेत होता ना, रोज घेत होता. डाक्तरलेबी म्या थेच सांगतलं. तवा थो म्हने, रोज घेते तं मंग हे थायरॉईडचं नसन, दुसरंच काई पाहा लागन. पाहू दे ना! तुले काहून खुपून राह्यलं? — काय? गोळ्याइची भरलेली पाकिटं? कोनं दाखोली? बबितानं? नवरा आत पडला अन् हे घरात माह्या धान्याच्या कोठ्या उचकून राह्यली! — हाव. म्याच काढली त्याच्या खिशातून. दोन महिने झाले. मले पयला उतरनारा गडी पाह्यजे होता, झोपनारा नाई. झालं समाधान? — रडू नको अठी, लोकं पाहून राह्यले. जा. सांग डाक्तरले, भाऊ खोटं बोलला. मंग अजून उभी काहून हायेस? जा ना वं, लवकर जा!