तीन दिवस टिकलेला रेणू

—न्हाई, बसा संस्कृती मॅडम, खुर्चीवरची तार काढतो. पंपाच्या जळक्या मोटारी परत तार गुंडाळून भरायचं दुकान, तारा असायच्याच. तुमी दिपालीच्या लॅबमधल्या, पुन्याहून मिरजगावपर्यंत आलात, म्हनून बोलतो. तिनं काम का सोडलं, ते तुमच्या सरांनाबी म्हाईत न्हाई ना? ती सांगायची न्हाई. तिचं काम मला थोडं कळायचं बरं का — सोन्याची बारीक तार ताणून तोडायची, त्या फटीत एकच रेणू बसवायचा अन् त्यातनं करंट सोडायचा. रेणू गप बसतोय व्हय? थरथरत असतो. जाता जाता इलेक्ट्रॉन त्याला धक्का देतो, त्यात इलेक्ट्रॉनचा जोर कमी हुतो — अन् करंटमधल्या तेवढ्याशा फरकावरनं माझी पोरगी ती थरथर वाचायची. मी म्हनायचो, आमी मोटारीची थरथर हात लावून वळखतो, तू हात न लावता. हसायची.

चार वर्षं रेणू तुटतच गेले. मागच्या मार्गशीर्षात एक बसला — तीन दिवस टिकला. अजून दोन दिवस पाहिजेत दादा, फोनवर म्हनाली — बापाला दादाच म्हनते. अन् त्याच दिवशी मी फोन केला, आईला दवाखान्यात नेलंय, लगेच ये. ती तशीच निघाली. मागं मशीन थंड ठेवनारं हेलियम संपलं, रेणू गेला.

आई? आई... बरी हुती. पाव्हने आल्ते मॅडम, दिपालीला बघायला, लग्नासाठी. एरवी येत नव्हती, म्हनून — हे बोलायचं नव्हतं मला. तिनं समद्यांना चहा दिला, कप धुतले अन् सांजच्या एस्टीनं परत गेली. तसा रेणू परत बसला न्हाई.

मग आखाडात बनूला, तिच्या आईला, खरंच झटका आला. शनिवारी फोन केला. म्हनाली, "दादा, या बारीला कुठले पाव्हने?" अन् ठेवला. परत लावला, उचलंना. दुसऱ्या कुनाकडनं कळलं, तवा सोमवारी आली. रविवारीच बनू गेली, उरकलंबी हुतं समदं.

तवापास्नं इथंच हाय. भांडली असती तर बरं — भांडत न्हाई, येळेवर भाकरी वाढते. मी काय करू, सांगा?

न्हाई, चिठ्ठी नका ठेवू, मी बोललो ते तिला कळंल. ती दळान घेऊन येईल एवढ्यात. तुमी निघा मॅडम. नगरची गाडी लागलीय बघा. उठा.