सुरी लावायची न्हाई

आमचं गाव अंबड-वडीगोद्री रस्त्यावरून आत, जलम तिथलाच, सत्तरी आली आता, जिंदगी सगळी गवंडीकामात गेली. पण तुम्ही जनावराचं विचारून राह्यले, तर गवंड्याला ते कसं ठाऊक, हे बापापासून सांगावं लागतं, आन् तेच सांगायची लाज वाटायची मला इतकी वर्षं. माझा बाप गावातली मेलेली ढोरं ओढायचा. हाक आली की दोरी घेऊन जायचं, माळावर ओढून न्यायचं, कातडं सोलायचं, घरी येऊन राखेनं हात रगडत बसायचं. काय सांगू तुम्हाला, आतलं काळीज-आतडं बघून तो बराबर सांगायचा, हे ढोर कशानं मेलं.

त्याला शिकवलं कुणी, तर माझ्या चुलत्याच्या मरणानं. चुलता सोनाजी, त्यानं एक गाय सोलली, तिच्या नाकातून काळं पातळ रक्त येत व्हतं, गोठत नव्हतं, मंग तिसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर काळा फोड आला आन् आठवड्यात माणूस गेला. तवापासून बानं ध्यानात धरलं, रक्त गोठत न्हाई, पाय ताठत न्हाईत, पोट जल्दी फुगतं, अशा ढोराला सुरी लावायची न्हाई, खोल पुरायचं. फाशी म्हणतात त्या रोगाला. पुढं आम्ही धम्म घेतला, वस्तीनं ते काम सोडलं, बानं सुरी डोहात फेकली आन् मला म्हणला, बघितलं ते विसर, शाळेत जा. शाळा चौथीपर्यंत झाली, विसरणं काही झालं न्हाई.

माझी नात सुजाता औंदा जनावरांची डॉक्टर झाली. तिला ह्यातलं कुणीच सांगितलं नव्हतं. परवाच्या पोळ्यानंतर रामकिसनची गाय पहाटं मेली, सांजच्याला चांगली खात व्हती, म्हणून त्याला वाटलं भावकीनं विष घातलं, अन् त्यानं सुजाताला बोलावलं, पोट फाडून बघ म्हणला. मी आपला पिशवी धरायला गेल्तो. गाईला आंघोळ घातली व्हती, हळदकुंकू लावलं व्हतं, खण पांघरला व्हता, आपल्याकडं गाय अशीच पाठवतात. दुपार झाल्ती तरी पाय ढिले. मी रामकिसनच्या बायकोला विचारलं, माय, नाक कुणी धुतलं? ती म्हणली, मीच धुतलं आबा, रक्त आल्तं, तसंच कसं पाठवावं. दाव्यापाशी जाऊन बघितलं तर शेणावर काळं रक्त, तसंच पातळ.

इकडं सुजातानं हातमोजे घातले, सुरी काढली. सगळं गाव उभं. तोंड उघडलं तर विचारणार, आबा, तुम्हाला कसं कळतं. न्हाई उघडलं तर पोर जाते. म्हणलो, सुजे, सुरी ठेव, ही फाशी हाय. ती म्हणली, कशावरून आबा? म्हणलो, माझा बाप मेलेली ढोरं सोलायचा, त्याच्यावरून.

तिनं सुरी ठेवली, कानाचं थेंबभर रक्त घेऊन तपासाय पाठवलं, रामकिसनच्या बायकोला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, म्हणून ती वाचली. फाशीच निघाली. सुजाता म्हणली, आबा, पुस्तकात बिलकुल हेच लिहिलंय. मला बरं वाटलं, मंग विचारलं, सोनाजीचं नाव हाय का त्यात?

गावात म्हणून राह्यले, डॉक्टरीण लई हुशार. अन् मला म्हणतात, आबाच्या रक्तातच हाय ते. एकच गोष्ट, तिनं सांगितली तर शास्त्र, मी सांगितली तर जात, ह्याचं मला लई वाईट वाटतं. पोरीचं मात्र भलं होवो, तिचं शिक्षण तिला लाभो.

गेल्या आठवड्यात खालच्या आळीचा एक जण दारात आल्ता, हातात दोरी. बैल मेलाय म्हणला, तुम्हाला ह्यातलं कळतं, चला. न्हाई म्हणणार व्हतो. पण फाशी असली अन् कुणी सुरी लावली तर? म्हणून गेलो. दोरी धरली न्हाई, लांबूनच बघितलं, पाय ताठलेले, फाशी नव्हती, तेवढं सांगून माघारी आलो. घरी येऊन चुलीतली राख घेतली अन् हात रगडत बसलो. सुजाता म्हणली, आबा, तुम्ही तर हातच लावला नव्हता.