कंसाबाहेरची बारा

मंचरच्या स्टँडवर जुन्नरची गाडी काही येईना. माझ्या मागच्या बाकावर सहावीतली एक मुलगी वही उघडून आजीला गणित दाखवत होती.

"आजी, हे बघ. वीस वजा, कंसात पाच अधिक तीन. मी अठरा लिहिलं, तर बाईंनी फुली मारली."

"कंस म्हंजी?"

"हे दोन वाकडे. आपण मेंढरांभोवती जाळी लावतो ना, वाघर? तसंच."

"मंग वीस मेंढरं. पाच न् तीन वाघरीत गेली. बाहेर बारा ऱ्हायली."

"बाराच! तुला कसं आलं?"

"त्यात काय यायचंय? तुजं अठरा कसं झालं?"

"मी विसातून पाच काढली आणि तीन मिळवली."

"आगं, आत गेलेली तीन परत बाहेर मोजलीस व्हय?"

"हो की! म्हणूनच बाई म्हणतात, आधी आतलं करायचं, मग बाहेरचं."

"असं का?"

"नियमच आहे. सगळीकडं तसंच असतं."

"आमच्यात न्हाई. आमी आधी बाहेरची बघतो."

"का पण?"

"आतली कुटं जात्यात? उसात बिबट्या बसलेला असतोय."

"आजी, हे वहीतलं गणित आहे."

"असू दे की. तू वाघरीतली आठ मोजतीस, तवर बाहेरच्या बारा मेंढरांपाशी कोण उभं ऱ्हातंय, तेवढं तुज्या बाईंना इचार."