पाच मिनिटं बारा सेकंद

भाऊ — पाच मिनिटं बारा सेकंद. बस, एवढंच आहे.

बहीण — एवढंच कसं? बाबा चांगले तासभर बोलले.

भाऊ — ते बोलले. कॉम्प्युटरवर पाच मिनिटं आलीत. पुढे नुसता अंधार.

बहीण — नीट बघ.

भाऊ — तीनदा बघितलं. पाचही मिनिटं आपण दोघं वायरीवरून भांडतोय, आणि बाबा मधे बसून विचारतायत, 'सुरू झालं का?' संपलं.

बहीण — दादा, उद्या सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. आजचा आवाज उद्या नाही. आणि पाचला हॉस्पिटलची गाडी दारात येईल.

भाऊ — हळू बोल. पडद्यापलीकडेच झोपलेत.

बहीण — जागे आहेत. ऐकू देत! परत बोलायला लावू का त्यांना? घसा पार बसलाय. डॉक्टरांनी तासाभराचीच मुभा दिली होती, आता एक शब्दही काढायचा नाही. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, एवढ्यावर आलंय सगळं. तरी मी म्हणत होते, साधं टेपवर घे, तुझ्या वायरींच्या भानगडी नकोत.

भाऊ — कितीदा सांगू? ह्या कॅमेऱ्याचं हेड झिजलंय. टेपवर नुसत्या रेघा येतात. म्हणून वायर लावून थेट कॉम्प्युटरवर घेतो. दोन वर्षं लग्नांचं शूटिंग असंच करतोय, एकदाही... थांब. ही टेप कोणी घातली आत?

बहीण — कुठली?

भाऊ — ही. ही बघ. मी कॅमेरा रिकामा ठेवला होता.

बहीण — मी घातली. तू वायर आणायला खाली गेलास तेव्हा.

भाऊ — वा! टेप आत असली आणि पाच मिनिटं तिच्यावर काही घेतलं नाही, की हा आपोआप बंद पडतो. रिकामा असला तर दिवसभर चालू राहतो. कशाला हात लावू नकोस म्हटलं होतं ना?

बहीण — म्हटलंस. का ते सांगितलंस? माणसाला वाटणार, रिकाम्या डब्यात काय साठणार? म्हटलं, असू दे एक आत. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

भाऊ — झालं सुरू.

बहीण — का नाही होणार? आईची घरात एकच टेप होती. तिच्यावर कुणाच्या तरी रिसेप्शनची जेवणावळ कोणी घेतली?

भाऊ — अकरा वर्षं झाली त्याला.

बहीण — आईचा आवाज आठवतो तुला? मला आता नाही आठवत.

भाऊ — तो विषय आत्ता नको.

बहीण — आणि तू होतास कुठे? बंद पडलं ते स्क्रीनवर दिसलं असतं. मला काय कळणार? समोरचा लाल दिवासुद्धा काळी पट्टी लावून झाकलेला.

भाऊ — दिवा दिसला की माणसं ताठ होतात. आणि चोराच्या उलट्या बोंबा मारू नकोस. टेप तू घातलीस.

बहीण — मी घातली. तू कुठे होतास ते सांग.

भाऊ — गॅलरीत.

बहीण — तासभर?

भाऊ — बसवेना मला. त्यांचा तो घोगरा आवाज नाही ऐकवत.

बहीण — मला ऐकवतो! सहा वर्षं औषधं, पथ्यं, डॉक्टरांच्या दारातल्या रांगा, सगळं मी. आणि साहेबांना एक तास बसवेना.

भाऊ — झालं बोलून?

बहीण — नाही झालं. होणारही नाही.

भाऊ — काय बोलले ते?

बहीण — आता विचारतोस? छापखान्यातली पहिली नोकरी, नखांतली शाई जायची नाही ते. आईला पहिल्यांदा बघितलं ते. माझ्या पोरीसाठी मुंगीची गोष्ट, तशाच घशातून आवाज काढून. शेवटी दोन ओळी गायलेसुद्धा.

भाऊ — आणि माझ्याबद्दल?

बहीण — काय तुझ्याबद्दल?

भाऊ — काही बोलले?

बहीण — नाही. नावसुद्धा घेतलं नाही.

(पडद्यामागून टाळ्या. दोन.)

भाऊ — दोन म्हणजे...

बहीण — माहितीये मला. मीच शिकवलंय त्यांना.

भाऊ — चिमे, खरं सांग.

बहीण — लाडात येऊ नकोस. वीस मिनिटं बोलले. मी सहा वर्षं उशाशी, माझ्या वाट्याला 'पोर गुणी आहे', एवढंच. आणि तुझी वीस मिनिटं! रागानं ऐकत होते, म्हणून शब्द न् शब्द लक्षात राहिलाय.

भाऊ — सांग ना.

बहीण — एकदाच सांगेन. आधी ती टेप बाहेर काढ आणि कॅमेरा माझ्याकडे वळव. माझं कुठे चुकलं तर बाबा टाळ्या वाजवतील, त्याही येऊ देत त्यात.

भाऊ — काढली. सुरू आहे.

बहीण — आणि ह्या वेळेला गॅलरीत जायचं नाही.