वजन म्हणजे कुठलं वजन?

नाही, मला एक सांगा, कुणी विचारलं, 'वजन किती?' तर माणूस एकच आकडा सांगणार ना? मीही एकच सांगितला, आणि तिथेच फसलो... सासऱ्यांचा मालवाहतुकीचा धंदा, चार ट्रक आहेत, माझी नोकरी सुटली तसा मी त्यांच्या ऑफिसात बसायला लागलो. बसायला म्हणजे नुसता बसायलाच, काम कुणी सांगायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मेव्हण्याच्या छापखान्याचं संध्याकाळी उद्घाटन, त्याचं छपाईचं यंत्र तिथे पोचवायचं. सासरे म्हणाले, "जावईबापू, वजन तेवढं नीट बघा." मी म्हटलं, "बघतो की." आता वजन म्हणजे कुठलं वजन, हे जावयानं कुठल्या तोंडानं विचारायचं?

यंत्र आठ टनांचं. उतरवायला सोपं पडेल म्हणून मी ते ट्रकच्या अगदी मागच्या टोकाला ठेवायला लावलं, आणि 'आठ टन, आठ टन' घोकत ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसलो. वाटेत जुना पूल, पाटीवर दहा टन. म्हटलं, "चला काका, वर दोन टन शिल्लक आहेत." काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी पुढे घेतली. तोच पुलावरचा पहारेकरी आडवा आला.

"वजन किती?"

"आठ टन."

"कशाचं?"

"यंत्राचं."

"आणि गाडी काय मागून चालत येणारे?"

तर तुम्हाला सांगतो, गाडीचं स्वतःचं सहा टन असतं, त्याला म्हणतात रिकामं वजन, ते मालात मिळवायचं, म्हणजे झाले चौदा... मागे गाड्यांची ही रांग, सगळे हॉर्न वाजवताहेत, आणि मी रस्त्यात उतरून हातवारे करत ट्रक उलटा घ्यायला लावतोय.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मालक म्हणाले, वजन जावईबापू बघतील."

मग लांबच्या रस्त्यानं. तिथे वजनकाटा. काट्यावरचा माणूस म्हणाला, "गाडीला परवानगी सोळाची, भरली चौदा. ठीक." मी श्वास सोडला, तर म्हणतो, "पण मागच्या चाकांवर अकरा आहे. तिथे दहाच चालतं." म्हणजे आता चाकांचंही वेगळं! वजन म्हणजे कुठलं वजन, काही धरबंध आहे की नाही? मी म्हटलं, "अहो, मी पुढे बसलोय, ते धरा की पुढच्या चाकांवर." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला धरूनच पुढे तीन भरलंय."

क्रेन बोलवली, यंत्र पुढे सरकवायला घेतलं, आणि इकडे मेव्हण्याचे फोन. "दाजी, पाहुणे आलेत." "दाजी, पाहुणे जेवताहेत." "दाजी, पाहुणे निघाले..." बिचाऱ्यानं रिकाम्या खोलीचं उद्घाटन केलं हो, फीत कापली आणि लोकांना भिंती दाखवल्या.

पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. सासरे दारातच उभे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण म्हणाले, "दमलात. जेवून घ्या." मी खाली मान घालून जेवतोय, तर बायको त्यांना म्हणते, "बाबा, यांना उद्यापासून घरीच बसू दे. कशाला उगाच धंद्यात?"

सासरे शांतपणे म्हणाले, "असू दे गं. रिकामं वजन प्रत्येक गाडीला असतंच. ते धरूनच चालायचं असतं."

आणि तुम्हाला सांगतो, या वेळी मात्र मला कुठलं वजन ते विचारावं लागलं नाही.