जहाजाच्या टोकावरची बाई

(नाशिक, १९७९. रविवार कारंजाजवळचा फोटो स्टुडिओ. काउंटरमागे खंडेराव आणि त्यांची बायको लताबाई. समोर मखमलाबादचा निवृत्ती.)

निवृत्ती : आधी तो काचेतला फोटो खाली काढा, मग बोला!

खंडेराव : अहो, कुठला फोटो? ओरडताय कशाला?

निवृत्ती : जहाजावरच्या बाईचा. केस सोडलेल्या. माझी बायको हाय ती!

खंडेराव : साळूबाई? फुलं घेऊन यायच्या त्या? बरं झालं आलात. आहेत कुठे त्या? गेल्या दिवाळीपासून फिरकल्या नाहीत.

निवृत्ती : गेली ती.

खंडेराव : कुठे?

निवृत्ती : कुठं म्हंजे? वारली. कावीळ झाली व्हती. वर्षश्राद्ध आलंय आता.

लताबाई : अगं बाई! काय सांगता काय!

खंडेराव : खुर्ची दे गं त्यांना.

निवृत्ती : नको खुर्ची. बाजारातून चाललो व्हतो. सहज मान वळवली, तर काचेत साळू. तसाच आत शिरलो. वर्षभर तिचा एक फोटो हुडकतोय मी. घरात नाय, माहेरी नाय. काढू म्हटलं की म्हणायची, फोटोनं आयुष्य कमी होतं. आन् हितं परक्या माणसापुढं केस सोडून...

लताबाई : भाऊ, हे एकटे नव्हते. तिची कंबर मी धरली होती.

निवृत्ती : तुम्ही तर दिसत नाय त्यात.

लताबाई : दिसणार कशी? पुठ्ठ्याच्या जहाजात गुडघ्यांवर बसले होते. तिरकी शिडी, त्यावर ती पुढे झुकलेली. सोडलं असतं तर तोंडावर आपटली असती.

खंडेराव : एका गिऱ्हाइकानं परदेशी कॅलेंडर दिलं होतं. जुन्या जहाजांच्या टोकाला लाकडात कोरलेली बाई असायची. छाती पुढे, केस मागे, नजर लांब पाण्यावर. म्हटलं, तसा फोटो करू. कॉलेजच्या मुली बोलावल्या, तर एकजात कॅमेऱ्याकडे बघून हसायच्या! साळूबाई टोपली टेकवून बघत होत्या. म्हणाल्या, अहो, तिला हिकडं बघायचंच नाय.

लताबाई : मग मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, असा असंल तर मी काढीन.

निवृत्ती : साळू? लग्नातबी फोटोला उभी राहिली नाय ती.

लताबाई : डोळ्यामुळे हो. लहानपणी देवी आल्या, डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं. समोरून काढला की ते येणार. ह्यात एकच बाजू येते.

निवृत्ती : डोळ्यामुळं? आयुष्याचं म्हणायची ती.

लताबाई : तुम्हाला म्हणायची.

निवृत्ती : माझ्या तर ध्यानातबी नसायचं ते.

लताबाई : तिच्या असायचं.

निवृत्ती : (काचेजवळ जाऊन) आन् केस असे कशानं उडाले?

लताबाई : टेबलफॅन लावला तर हसू आवरेना तिला. म्हणे, पडले तर मळ्यात काय सांगू, जहाजावरनं पडले म्हणून? काचेत मात्र लावू नका म्हणाली होती. ह्यांनी लावला.

खंडेराव : चुकलं माझं. काढतो. श्राद्धाला नीट फोटो करून देतो. चेहरा कापायचा, दुसऱ्या फोटोवर बसवायचा. नऊवारी, डोक्यावर पदर, मांडीवर हात. ज्यांचे फोटो नसतात त्यांचे तसेच करतो आम्ही.

निवृत्ती : दुसऱ्या बाईच्या अंगावर?

खंडेराव : कुणाला कळत नाही.

निवृत्ती : नको. हाय तसाच द्या.

खंडेराव : असा? भावकी जमणार. आई असतील घरात.

निवृत्ती : हाय म्हातारी. विचारील, ही मोकळ्या केसांची कोण रे?

लताबाई : मग काय सांगाल, भाऊ?

निवृत्ती : सांगीन, तुझी सून हाय. मीबी आजच बघितली.