चित्रकलेचा तास, आठवी ब

— अहो नाही मॅडम, छापलेला नाही तो, खडूने लिहिलाय. फाटकाजवळच्या सुविचाराचंच म्हणताय ना? सगळेच फसतात, मागे एक पालक तर नखाने खरवडून बघत होते. आमच्या क्लेमेंटीन बाईंचं अक्षर ते. रोज पावणेसातला, प्रार्थनेच्या आधी लिहितात. आज काय आहे — 'श्रम हीच पूजा' का? तेच असेल. मी वाचत नाही म्हणा, पण असतो रोज. बसा ना. ती खुर्ची नको, डुगडुगते, ही घ्या. शत्रुघ्न, मॅडमना पाणी आण — चहा नको? बरं, पाणी. हा आमचा शिपाई, खाडीकाठचा, 'पानी' म्हणतो आणि आणतो उशिरा, पण माणूस गुणी आहे. हं, तर तुम्ही ठाण्याहून एवढ्या लांब वसईला आलात त्या बाईंसाठीच, हे मला माहीत आहे. शिक्षण खात्याचं पत्र वाचलंय मी. आमच्या तुकड्या कमी झाल्या — होणारच, नालासोपाऱ्याच्या नव्या सोसायट्यांत गल्लोगल्ली इंग्लिश मीडियम निघालंय — आणि तुकड्या कमी झाल्या की पहिली कुऱ्हाड कोणावर? चित्रकलेवर. तास खरोखर होत असतील तर पद ठेवायचं, नाहीतर बाई अतिरिक्त, आणि रवानगी पार डोंगरातल्या मोखाड्याला. अठरा वर्षं झाली हो त्यांना इथे. लग्न केलं नाही, घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं उरकून भुईगावाहून सायकलने येतात. मोखाड्याला गेल्या तर त्या म्हातारीला बघणार कोण? म्हणून मी ठरवलंय, मॅडम, की हा शांताराम तेंडोलकर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असेपर्यंत बाईंचं पद जाऊ देणार नाही. हे पद गेलं तर शाळा बंद पडेल. हसू नका, खरंच सांगतो.

आता बघा. नोटीस लागली की बाई. स्नेहसंमेलनाचा पडदा, बाई. विज्ञान प्रदर्शनात आमचा ज्वालामुखी तालुक्यात दुसरा आला, तो आतून आमच्या गणिताच्या विघ्नेश सरांचा, पण बाहेरून सगळा बाईंचा. चारशे दाखल्यांवर चारशे नावं, एका हाताने, एकही खाडाखोड नाही. जनगणनेच्या वेळी गावाचा नकाशा हवा होता, तहसील कचेरीतून फोन आला, मी म्हटलं आमच्याकडे माणूस आहे. दीड महिना बाई घरोघर. चिंचोटीच्या धबधब्यावर 'खोल पाण्यात उतरू नये' असा बोर्ड हवा होता, तोही आम्हीच दिला. त्यात बाईंनी बुडणारा माणूस असा काही काढला की आता लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि मग पाण्यात उतरतात. तो बाईंचा दोष नाही. आणि आमचे संस्थाध्यक्ष, आप्पा — त्यांच्या मुलीचं, उन्नतीचं लग्न झालं, तर रुखवतात अख्खा वसईचा किल्ला, थर्माकोलचा, बुरुज, तोफा, वेशीवर वडाचं झाड, त्याला पारंब्यासुद्धा. आठ दिवस लागले. नाही, रजा कशाला, शाळेच्या वेळातच. आप्पांचा बंगला काय, शाळेपासून — मॅडम, हे लिहू नका. हे मी आपलं बाईंची उपयुक्तता सांगताना बोललो.

तास? तास म्हणजे — आहेत ना तास. हे वेळापत्रक बघा, मागे भिंतीवर, बाईंनीच काढलंय. गणित निळं, मराठी हिरवं, चित्रकला गुलाबी. आठवड्याला प्रत्येक वर्गाला दोन गुलाबी चौकोन, नियमात बसतं सगळं. कधीमधी अदलाबदल होते, ती कुठल्या शाळेत होत नाही? विघ्नेश सरांचा पोर्शन राहतो, ते बिचारे येऊन म्हणतात, सर, जरा चित्रकलेचा तास द्या. मी म्हणतो घ्या. मार्चात देतोच. फेब्रुवारीतही. सहामाहीच्या आधी, चाचणीच्या आधी... जूनमध्ये तर उजळणी असतेच. पण मॅडम, चौकोन गुलाबीच ठेवलाय, त्याला हात लावू दिलेला नाही. विघ्नेश सर म्हणत होते निळा करून टाका एकदाचा, मी म्हटलं नाही, कलेचं स्थान कलेला. तत्त्व म्हणून काही आहे की नाही?

आणि चित्रकलेची खोलीसुद्धा आहे आमच्याकडे. पाटी बघितलीत ना, 'चित्रकला कक्ष', वेलबुट्टी काढलेली? आत कॉम्प्युटर आहेत. दोन. ते आले तेव्हा ठेवायचे कुठे, धूळ चालत नाही त्यांना, खडूची तर मुळीच नाही. म्हणून बाईंचं कपाट आपलं पाण्याच्या टाकीजवळ ठेवलं, पॅसेजमध्ये. हाच त्यांचा मोठेपणा, मॅडम, कधी काही बोलतच नाहीत. मी एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालो होतो, बाई, तुम्ही आहात म्हणून ही शाळा चारचौघांत दाखवायला बरी दिसते. तर त्या म्हणाल्या, सर, मला वर्ग द्या. मी म्हटलं देऊ की. किती वर्षं झाली त्याला — असो.

सही हवी का कुठे? नको? मग तेवढं समितीचं सांगतो, ते मात्र जरूर लिहा. 'तालुका कलाशिक्षक बचाव समिती', अध्यक्ष मी. कलाशिक्षकांसाठी कोणी काही करत नाही हो, सगळे भाषा आणि गणितवाले स्वतःचं बघतात, म्हणून मीच पुढाकार घेतला. येत्या शनिवारी ठाण्याला मोर्चा आहे, तुमच्याच कचेरीवर — राग मानू नका, लोकशाही आहे. तीन बैठका झाल्या. अडचण एकच, बैठकीला एकही कलाशिक्षक येत नाही. येणार कसे? सगळे बॅनर रंगवतायत. आम्ही आपले सात मुख्याध्यापकच बसतो, चहा घेतो, ठराव करतो.

आमच्या शाळेने तर अख्खी भिंत दिलीय मोर्चासाठी. ही माझ्या खिडकीसमोरची, रस्त्यावरूनही दिसते ती. 'कलाशिक्षक वाचवा, शाळा वाचवा', हातहातभर अक्षरं. सोमवारपासून बाई शिडीवर आहेत. मी म्हटलं होतं, बाई, फाटकाची भिंत घ्या, खाली आहे, शिडी लागायची नाही. तर म्हणाल्या नको, पहिल्या मजल्यावरची घेते, आठवी बच्या खिडकीशेजारची, तिथे उन्हाचा त्रास नाही. बाईंची ही एक खोडच आहे, भिंत नेहमी स्वतः निवडणार आणि नेहमी कुठल्यातरी वर्गाच्या खिडकीला लागून. 'पाणी वाचवा' सातवी अच्या शेजारी, 'एक मूल एक झाड' सहावीशेजारी. आणि हात हल्ली फार सावकाश झालाय. दोन शब्दांना चार-चार दिवस. वय होतंय, दुसरं काय.

हो, आता? आता चौथा तास. आठवी ब... गुलाबी, हो, गुलाबीच आहे. चित्रकला. म्हणजे होईल तो, होतोच आहे म्हणा. तो आवाज? 'एचा वर्ग अधिक दोन एबी' — ते विघ्नेश सर, शेजारच्या वर्गात असतील, आवाज मोठा आहे त्यांचा, कुठूनही कुठेही ऐकू येतो. मॅडम, तुम्ही पुरावा मागताय ना तास होतात याचा? मग निकाल बघा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मागच्या वर्षी बावीस मुलं बसली, बावीसच्या बावीस पास, नऊ जणांना ए ग्रेड. तालुक्यात एवढे कोणाचे नाहीत. तास न होता हे झालं असतं? म्हणजे, मलाही कधीकधी प्रश्न पडतो, की बाई शिकवतात नेमकं कधी — म्हणजे कौतुकाने पडतो.

मुलांचं काम बघायचंय? अवश्य. शत्रुघ्न, बाईंच्या कपाटातून आठवीची चित्रं आण. चावी बाईंकडून — तुझ्याकडेच असते? मला कोणी सांगितलं नाही. आण, आण लवकर. हं, द्या इकडे, मीच दाखवतो. वा, हा गठ्ठा बघा. कागद आहेत जुन्या मतदारयाद्यांचे, मागची बाजू कोरी, काटकसर बघा. हे स्मरणचित्र, मॅडम. म्हणजे समोर काही ठेवायचं नाही, रोज डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं, परीक्षेत याचा वेगळा पेपर असतो. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, त्याचा सराव दिसतोय. आणि विषय बघा काय दिलाय — 'आमचा चित्रकलेचा तास'. घ्या. आणखी काय पुरावा हवा? मुलांच्या हातचा, सहीशिक्क्यासारखा.

हे निधीचं. बाकांच्या रांगा कशा मागे लहान होत गेल्यात बघा, आठवीतल्या मुलीने काढलंय हे, मला जमायचं नाही. पंखा, खिडकी, फळा... फळ्यावर तिने एचा वर्ग का लिहिलाय कोण जाणे. आदल्या तासाचं पुसायचं राहिलं असेल. आणि शिक्षक. शर्ट. मिशा. म्हणजे — हे विघ्नेश सरांसारखं झालंय थोडं. चुकली असेल. हे दुसरं बघू, सिद्धेशचं. मिशा. हे — मिशा आणि हातात डस्टर. हे मागून काढलंय, म्हणून मिशा दिसत नाहीत, पण त्या सरांचा शर्ट आहे, पाठीला घाम सुटलाय तोही काढलाय कार्ट्याने. पाच. सहा. मॅडम, मुलांची कल्पनाशक्ती... नाही, स्मरणचित्रात कल्पना चालत नाही, बरोबर आहे तुमचं.

बाई आहेत ना. ह्या काय, खिडकीत. खिडकीबाहेर. शिडीवर. सगळ्यांनीच काढल्यात. आणि त्यापलीकडे दुसरी खिडकी काढलीय बारीकशी, तिच्यात हा कोण वाटोळा, टेबलावर पाय, हातात बशी... टक्कल हुबेहूब आलंय. बरं आहे. मुलांचं निरीक्षण चांगलं आहे.

थांबा, ते खालचं कोणाचं आहे? यात काय काढलंय याने? सर फळ्याकडे तोंड करून लिहितायत, मुलांच्या वह्यांखाली कागद आहेत, एका मुलीने कागद खिडकीकडे उभा धरलाय, आणि बाईंचा हात गजांतून आत. ब्रश उलटा धरलाय, दांड्याने दाखवतायत काहीतरी तिला. असं कुठे असतं का? अहो मॅडम, उठलात का? खिडकीपाशी काय — तिथून काही दिसायचं नाही, ते...

...

दिसतंय.

तो सिद्धेश. दाखवतोय. आता बघा, खाली घेतला, सर वळले. सर पुन्हा फळ्याकडे... ती निधी. बाई मान हलवतायत, नाही म्हणतायत. रेघ चुकली असेल. शत्रुघ्न, हे कधीपासून चालू आहे? तुला माहीत होतं? काय म्हणालास? 'शाळंत कोन नाय जानत, सर?' बरं. जा तू. नाही, थांब दारात.

मॅडम, मला वाईट वाटलं. तोंडदेखलं नाही बोलत, खरंच वाटलं. इतके दिवस मी म्हणत होतो की बाईंचा हात सावकाश झालाय. पण बघितलंत ना तुम्ही? तास होतोय. तुमच्या नियमात 'प्रत्यक्ष होतो का' एवढंच आहे, आतून का बाहेरून हे कुठे लिहिलेलं नाही. लिहिता आहात? 'तास प्रत्यक्ष होतात, होय.' 'पद कायम.' थँक यू मॅडम, फार थँक यू. लावा टोपण पेनाला, झालं काम. त्या म्हातारीचे आशीर्वाद लागतील तुम्हाला. आणि बघा, समिती काढल्याचा कसा उपयोग होतो. शनिवारी मोर्चात जाहीर करतो, आपल्या लढ्याचं पहिलं यश म्हणून.

शत्रुघ्न, पळत जा. विघ्नेश सरांना म्हणावं, वर्गाबाहेर या, हा तास बाईंचा आहे, हेडसरांनी सांगितलंय. आणि बाईंना म्हणावं खाली उतरा, आणि आठवी बच्या वर्गात जा, दारातून. आजपासून गुलाबी म्हणजे गुलाबी. ऐकलंस ना? जा. आणि अरे, ऐक — ते दुसरं 'वाचवा' अर्धंच राहिलंय बघ, मोर्चा शनिवारी आहे, तर म्हणावं तेवढं पुरं करून मग उतरा. रंग सुकेल नाहीतर. विघ्नेश सरांना सांग तोवर चालू ठेवा, आणि आप्पांच्या घरून निरोप आलाय बारशाच्या मखराचा, तोही बाईंना आत्ताच —

मॅडम? टोपण का काढलंत पुन्हा? झालंय की सगळं भरून. तो शेवटचा ना, 'मुख्याध्यापकांविषयी शेरा'? अहो, तो रकाना सगळे रिकामाच ठेवतात.